परमुलखात अपघात आणि रुग्णालय

मुंबई-आग्रा महामार्गाने धुळे, शिरपूर आणि पळासनेर ही गावे मागे पडली, की सातपुड्यातील बिजासन घाट लागतो आणि महाराष्ट्राची हद्द संपते. पुढे सेंधवा, ठिकरी, खलघाट येथील नर्मदेवरचा पूल, धामनोद आणि मानपूर असा हा रस्ता इंदूरला पोहोचतो. धुळ्यापासूनचे अंतर अडीचशे किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. खानदेशातील माणसाला इंदूर हे परके शहर असे कधी वाटले नाही. होळकरांची ही राजधानी. तिच्या जुन्या वस्त्यांत मराठी घराणी पिढ्यानपिढ्या नांदत आली आहेत आणि खानदेशातून निघालेली एस. टी. थेट तेथे जाते. व्यापारी खरेदीसाठी जातात, विद्यार्थी शिक्षणासाठी राहतात, आणि इंदूरजवळ धार जिल्ह्यात वसलेल्या पिथमपूरच्या कारखान्यांत मजुरीसाठी गेलेला एखादा तरुण सीमेलगतच्या अनेक गावांत सापडतो.

असे असले तरी घरचा माणूस तेथे जखमी होऊन रुग्णालयात पडल्याची वार्ता आली, म्हणजे तेच ओळखीचे शहर एकाएकी दूरचे वाटू लागते. या रस्त्याची कीर्तीही निर्धोक नाही. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरकडे येणारी एस. टी. खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली आणि बारा जणांचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी, ४ जुलै २०२३ रोजी, घाट उतरून येणारी एक अवजड मालमोटार ताबा सुटून पळासनेर येथे वाहनांवर व हॉटेलावर आदळली. तीत किमान दहा जण दगावले आणि वीसहून अधिक जखमी झाले. अशा मोठ्या दुर्घटनांत शासनयंत्रणा आपोआप धावते. खरी अडचण होते ती एकट्यादुकट्या जखमी माणसाची, कारण त्याची वार्ता वर्तमानपत्रात येत नाही आणि त्याच्या वतीने बोलणारे जवळ कोणी नसते.

उदाहरणादाखल एक प्रसंग कल्पावा. शिरपूर तालुक्यातील एक तरुण पिथमपूरच्या कारखान्यात कामाला आहे. गावाकडच्याच तिघांसह तो भाड्याच्या खोलीत राहतो. रात्रपाळी संपवून सायकलीवरून परतताना त्याला मालमोटारीची धडक बसते. मांडीचे हाड मोडते, डोक्याला मार लागून शुद्ध हरपते, आणि खिशातील मोबाईल फुटून बंद पडतो. येथून पुढे काय घडते, काय घडावयास हवे, आणि गावाकडील माणसांनी काय करावयाचे असते, हा या लेखाचा विषय आहे.

पहिला तास

मांडीचे हाड हे शरीरातील सर्वांत मोठे हाड. ते मोडले असता बाहेर जखम दिसली नाही तरी आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त साचू शकते. प्रौढ माणसाच्या अंगात एकूण रक्त पाच लिटरांच्या आसपास असते, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा रुग्णाला रस्त्याच्या कडेला पडू देणे किती घातक आहे हे कळते. मोडलेला पाय फळीला किंवा दुसऱ्या पायाला बांधून स्थिर करावा, वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्यावा, मान शक्यतो हलू देऊ नये, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. पाणी पाजण्याची आपल्याकडील रीत दयेपोटी आलेली असली, तरी बेशुद्धावस्थेत ते श्वासनलिकेत जाते. शिवाय शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावयाची असल्यास पोट रिकामे असणे इष्ट असते. महाराष्ट्राप्रमाणे मध्य प्रदेशातही रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक चालतो. ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक देशभर आहे.

रस्त्यावरील माणसे जखमीला हात लावण्यास कचरतात, कारण पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल अशी त्यांना भीती असते. ही भीती पूर्वी निराधार नव्हती. आता तिला कायद्याचा आधार उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याने नाव सांगावे अशी सक्तीही करता येत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोहोचविणाऱ्यास केंद्र सरकारने २०२१ पासून पाच हजार रुपयांचे पारितोषिक ठेवले होते. २०२५ मध्ये ती रक्कम पंचवीस हजार करण्यात आली.

दारात आल्यावर

कल्पित प्रसंगातील तरुणाला इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात आणले असे समजू. लोक त्यास ‘एम. वाय.’ एवढेच म्हणतात. या शहरातील आधुनिक वैद्यकाची परंपरा जुनी आहे. १८७८ मध्ये येथे वैद्यकीय शाळा सुरू झाली, पुढे तिला किंग एडवर्ड यांचे नाव मिळाले, आणि १९४८ मध्ये महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. हे रुग्णालय त्या महाविद्यालयाशी संलग्न असून केवळ इंदूरचेच नव्हे, तर निमाड आणि माळव्याच्या दूरदूरच्या जिल्ह्यांतील रुग्ण तेथे येतात. त्यामुळे गर्दी ही तेथील नित्याची गोष्ट आहे आणि नव्याने आलेला नातेवाईक त्या गर्दीतच प्रथम गोंधळतो.

अपघाताचा रुग्ण दाखल करून घेण्यास कोणतेही रुग्णालय, सरकारी असो वा खासगी, नकार देऊ शकते काय? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास एका माणसाचा जीव जावा लागला. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडविले. त्याला जवळच्या रुग्णालयात नेले असता, पोलीस प्रकरणे येथे घेत नाहीत, असे सांगून सुमारे वीस किलोमीटरवरील दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठविण्यात आले आणि वाटेतच त्याचा अंत झाला. वर्तमानपत्रातील या बातमीवरून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २८ ऑगस्ट १९८९ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य असून पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या १३४ व्या कलमातही कर्तव्यावरील डॉक्टरने कोणत्याही औपचारिकतेची वाट न पाहता उपचार करावेत असे म्हटले आहे.

खाट रिकामी नाही, हे कारण तरी चालावे काय? १९९२ मध्ये बंगालमधील एक शेतमजूर आगगाडीतून पडून डोक्याला गंभीर इजा झाली. कलकत्त्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा वा साधने नसल्याचे सांगून त्याला परत पाठविले. अखेर त्याला खासगी रुग्णालयात पदरचे पैसे मोडून उपचार घ्यावे लागले. हे प्रकरण शेतमजुरांच्या संघटनेने न्यायालयात नेले आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला पंचवीस हजार रुपयांची भरपाई देववली. वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशाची चणचण ही शासनाला त्यातून सुटण्याची वाट नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. निर्णय कागदावर असणे आणि रात्री दोन वाजता दारावरील कर्मचाऱ्याला तो ठाऊक असणे यांत अंतर आहे, हे खरे. तथापि नातेवाइकाने शांतपणे कलमाचा उल्लेख केला, तर पुष्कळदा ते अंतर कमी होते.

रुग्ण बेशुद्ध असून जवळ आप्त नसल्यास शस्त्रक्रियेच्या संमतीवर सही कोणी करावी, असा प्रश्न गावाकडे हमखास विचारला जातो. घरचा माणूस पोहोचेपर्यंत डॉक्टर थांबून राहतील अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. जीव वाचविण्यासाठी तातडीने करावयाच्या उपचारास अशा वेळी संमतीची आवश्यकता नसते. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या ९२ व्या कलमात आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३० व्या कलमात सद्भावनेने केलेल्या अशा कृतीला संरक्षण आहे. ज्या शस्त्रक्रियेला दोन दिवस थांबता येते तिची गोष्ट वेगळी. तेथे रुग्ण शुद्धीवर येताच त्याचीच संमती घ्यावयाची असते. खोलीतील सोबत्याला किंवा मुकादमाला त्याच्या वतीने होकार देण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होत नाही.

भाषेचा घोटाळा

मराठी माणसाला हिंदी येते, असे आपण धरून चालतो. बाजारापुरती येतेही. रुग्णालयात मात्र ती अनेकदा दगा देते. महाराष्ट्रात ज्याला केसपेपर म्हणतात तो तेथे ‘पर्ची’ होतो, दाखल होणे म्हणजे ‘भर्ती’, घरी सोडणे म्हणजे ‘छुट्टी’, आणि अस्थिरोग विभागाच्या दारावर ‘हड्डी रोग’ अशी पाटी असते. एवढे एका दिवसात अंगवळणी पडते. धोका आहे तो शरीराची अवस्था सांगणाऱ्या शब्दांत. मराठीत पाय बधिर झाला म्हणजे त्यातील संवेदना गेली. हिंदीत बधिर म्हणजे बहिरा. मराठीत पायाला मुंग्या येतात. हिंदी भाषकाला त्या शब्दातून काहीच बोध होत नाही, त्याच्याकडे ‘झुनझुनी’ असते, आणि बधिरपणाला तो ‘सुन्न’ म्हणतो. कळ येते असे सांगावे, तर ऐकणाऱ्याला उद्या किंवा काल असे काहीतरी वाटते.

हा केवळ गमतीचा भाग नव्हे. हाड बसवून प्लास्टर घातल्यावर आतील सूज वाढली, तर स्नायूंतील रक्तपुरवठा कोंडला जाऊ शकतो. अशा वेळी वेदना कमी होण्याऐवजी वाढत जाते, बोटे ताणली असता असह्य दुखते, मुंग्या येतात आणि पुढे बोटे बधिर होतात. ही लक्षणे दिसताच काही तासांच्या आत दाब मोकळा करावा लागतो. उशीर झाल्यास स्नायू कायमचे निकामी होतात, प्रसंगी पाय गमवावा लागतो. ‘बधिर’ हा शब्द परिचारिकेला कळला नाही म्हणून रात्रभर थांबलेल्या रुग्णाची किंमत त्यामुळे फार मोठी असू शकते. शब्द सापडत नसेल, तर बोटाकडे खूण करून स्पर्श कळत नाही एवढे दाखवावे, आणि ते वारंवार दाखवावे. इंदुरात मराठी बोलणारे डॉक्टर, परिचारिका व विद्यार्थी दुर्मीळ नाहीत. कोणी मराठी जाणणारे आहे काय, असे विचारण्यात संकोच वाटू नये.

शिक्षकांना येथे एक काम सहज करता येण्यासारखे आहे. आठवी-नववीच्या वर्गात हिंदी शिकविताना शरीर, वेदना आणि औषध यांविषयीचे वीस-पंचवीस शब्द दोन्ही भाषांत फळ्यावर लिहून दिले, तर त्या मुलांतील जे उद्या सुरत, इंदूर वा हैदराबादला कामाला जातील त्यांना त्यांचा उपयोग होईल.

कागद सांभाळणे

अपघाती रुग्ण दाखल होताच रुग्णालय त्याची न्यायवैद्यकीय नोंद करते व पोलीस चौकीला कळविते. बोलीभाषेत यास ‘एम. एल. सी.’ म्हणतात. पुढील सर्व हक्कांचा पाया ही नोंद होय. अनेकदा सोबत आलेला माणूस, कटकट नको म्हणून, ‘घरी जिन्यावरून पडला’ असे सांगून मोकळा होतो. पोलिसांचा फेरा त्यामुळे टळतो खरा; परंतु विम्याची, नुकसानभरपाईची आणि कामगाराच्या लाभांची दारेही त्याच वाक्याने बंद होतात. सहा महिन्यांनी वकिलाने कितीही युक्तिवाद केला, तरी पहिल्या रात्रीच्या कागदावर जे लिहिले गेले तेच विमा कंपनी न्यायाधिकरणापुढे ठेवते. म्हणून जे घडले तेच, जितके ठाऊक आहे तितकेच सांगावे. वाहनाचा क्रमांक कोणी पाहिला असल्यास तो त्याच वेळी लिहवून घ्यावा.

गुन्ह्याची फिर्याद अपघात ज्या ठाण्याच्या हद्दीत झाला तेथेच द्यावी लागते, ही समजूतही जुनी झाली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदविता येते; पुढे ती संबंधित ठाण्याकडे जाते. पिथमपूर धार जिल्ह्यात आणि रुग्णालय इंदूर जिल्ह्यात असल्याने या तरतुदीचे महत्त्व उघड आहे.

रुग्णालयातून निघताना सुटीचा कागद, क्ष-किरण चित्रे, तपासण्यांचे अहवाल, शस्त्रक्रियेची टिपणे आणि औषधांच्या पावत्या यांची मागणी करावी. २००२ च्या वैद्यकीय व्यवसाय नियमांनुसार रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावयाची असतात. दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपण्याचे बंधन त्याच नियमांत आहे. तीन वर्षांनी ते मिळतीलच असे नाही. मग अडीचशे किलोमीटरवरून पुन्हा पुन्हा खेपा घालण्यापेक्षा पहिल्याच मुक्कामी ते घेतलेले बरे.

रुग्णाला गावाकडे केव्हा न्यावे, हा घरात सर्वांत अधिक वाद घडविणारा प्रश्न. आई म्हणते, माझ्या डोळ्यांसमोर आणा. चुलते म्हणतात, धुळ्याला ओळखीचा डॉक्टर आहे. इंदुरात राहण्याजेवणाचा खर्च रोज वाढत असतो. हे सारे समजण्यासारखे आहे. परंतु डोक्याला मार लागलेल्या माणसाची प्रकृती पहिल्या दोन-तीन दिवसांत अकस्मात बिघडू शकते, आणि घाटातल्या रस्त्यावर, रुग्णवाहिकेत, त्यावर उपाय करता येत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्ण नेल्यास तशी नोंद करून नातेवाइकाची सही घेतात. ती सही पुढे विम्याच्या दाव्यातही आडवी येऊ शकते. हलवावयाचेच असेल तर प्रकृती स्थिर असल्याचा डॉक्टरांचा अभिप्राय आणि पुढील रुग्णालयाच्या नावाचे पत्र घेऊन, तेथे आधी कळवून, मगच निघावे. बिलाचा वाद असल्यास रुग्णाला अडकवून ठेवता येत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांना पाठविलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत हे स्पष्टपणे नमूद आहे.

खर्च आणि भरपाई

५ मे २०२५ पासून देशभर लागू झालेल्या योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीस अपघाताच्या दिनांकापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, नियुक्त रुग्णालयांत रोख पैसे न भरता उपचार मिळतात. जखमी कोणत्या राज्याचा, हा प्रश्न येथे येत नाही. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेचे कार्डही महाराष्ट्रातून नेलेले इंदूरच्या संलग्न रुग्णालयात चालते. वर्षाला प्रतिकुटुंब पाच लाख रुपयांपर्यंत तिचे संरक्षण आहे. कामासाठी बाहेर जाणाऱ्याने हे कार्ड घरच्या पेटीत ठेवून जाऊ नये. ग्रामसेवकांनी व आशा कार्यकर्त्यांनी ही एक गोष्ट घरोघर सांगितली तरी मोठे काम होईल.

कारखान्यातील कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेखाली असेल, तर त्याची बाजू आणखी भक्कम होते. इंदुरात नंदानगर येथे या योजनेचे रुग्णालय आहे. कामाच्या जागी झालेली इजा तर योजनेत येतेच. २०१० च्या दुरुस्तीपासून घर व कामाची जागा यांच्या दरम्यान जाता-येता झालेला अपघातही, वेळ, स्थळ व परिस्थिती यांचा कामाशी संबंध जुळत असल्यास, कामावरील इजाच मानला जातो. प्रसंगातील तरुण पाळी संपवून परतत होता, हे म्हणूनच महत्त्वाचे. अशा तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात त्याला वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो. त्यासाठी मालकाकडे अपघाताची सूचना वेळीच पोहोचली पाहिजे, आणि पाळीच्या हजेरीची नोंद खरी असली पाहिजे. ठेकेदाराने नाव हजेरीपटावर चढविलेच नसेल, तर हा सारा डोलारा कोसळतो. परप्रांतीय मजुराच्या बाबतीत असे घडण्याचा संभव अधिक.

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने यावर एक उपाय योजला होता. कामगारास प्राणघातक अपघात वा गंभीर इजा झाल्यास ठेकेदाराने दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि कामगाराच्या जवळच्या नातलगास कळविले पाहिजे, अशी सक्ती त्यात होती. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. कायदा कोणताही असो, तालुक्यातून बाहेर गेलेल्या माणसांची आणि त्यांच्या ठेकेदारांची यादी ग्रामपंचायतीच्या दप्तरी असेल तरच अशा तरतुदीला हातपाय फुटतात.

भरपाईचा दावा इंदूरलाच लावावा लागतो असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या १६६ व्या कलमानुसार दावेदार जेथे राहतो त्या क्षेत्राच्या न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. म्हणजे शिरपूरच्या कुटुंबाला धुळ्यात दाद मागता येते. १ एप्रिल २०२२ पासून अशा अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातली आहे. हाड जुळण्यासच तीन-चार महिने जातात, तेव्हा पाय बरा झाल्यावर पाहू, असे म्हणणाऱ्याची मुदत निघून जाण्याची भीती आहे. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर त्याच दिवसापासून लागू असलेल्या योजनेखाली गंभीर दुखापतीस पन्नास हजार आणि मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात.

समुद्रापलीकडे

इंदूरच्या जागी मस्कत, दोहा किंवा लंडन घातले, की अडचणींचे स्वरूप तेच राहते, प्रमाण मात्र अनेक पटींनी वाढते. परदेशात भारतीय जखमी झाला म्हणजे तेथील सरकार आपोआप वकिलातीला कळवील, असा समज आहे. राजदूतावासांच्या वाणिज्यदूतविषयक व्यवहारांसाठी १९६३ मध्ये व्हिएन्ना येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात परक्या नागरिकास अटक झाल्यास वा त्याचा मृत्यू झाल्यास कळविण्याची तरतूद आहे. केवळ जखमी होऊन रुग्णालयात दाखल झाल्यास कळविण्याची तशी स्पष्ट तरतूद नाही. म्हणजे वकिलातीला कळविण्याचे काम सोबत्यांचे किंवा गावाकडच्या कुटुंबाचे. परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ मध्ये ‘मदद’ ही संगणकीय तक्रार-नोंदणी व्यवस्था सुरू केली. तालुक्याच्या गावी बसूनही तेथे माहिती देता येते. त्यासाठी पारपत्राचा क्रमांक लागतो. परदेशी जाणाऱ्याने पारपत्राची प्रत घरी ठेवून जावी, असे सांगितले जाते ते यासाठीच.

दहावी उत्तीर्ण नसलेल्या व ठरावीक देशांत कामासाठी जाणाऱ्या कामगारास प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या व २०१७ मध्ये सुधारलेल्या या योजनेत अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वास दहा लाख रुपये, आणि इजा वा आजार यांमुळे रुग्णालयात राहावे लागल्यास एक लाखापर्यंत संरक्षण आहे. दोन वर्षांचा हप्ता कर सोडून २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५ रुपये. पर्यटक म्हणून प्रवेशपत्र काढून कामाला जाणारा या सर्व संरक्षणाला मुकतो; दलाल त्याला ही गोष्ट सांगत नाही. अगदी निराधार अवस्थेत सापडलेल्यांसाठी वकिलातींकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. त्यातून, आर्थिक स्थिती पाहून, तातडीच्या उपचाराचा व मायदेशी आणण्याचा खर्च करता येतो. विद्यार्थी व पर्यटक यांनी मात्र स्वतःचा विमा काढलाच पाहिजे. युरोपातील शेंगेन देशांच्या अल्पमुदतीच्या प्रवेशपत्रासाठी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा ही अटच आहे, आणि ती अट उगाच घातलेली नाही.

परमुलखातील रुग्णाला पैशाइतकीच निकड असते ती रक्ताची. या संदर्भात १९६२ मधील एक घटना जुन्या क्रिकेटरसिकांच्या स्मरणात असेल. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असलेल्या भारतीय संघाचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर मार्च महिन्यात ब्रिजटाऊन येथे बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू आदळला आणि कवटीचे हाड मोडले. घरापासून हजारो मैलांवरच्या त्या बेटावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त देण्यासाठी जे पुढे आले त्यांत प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते. त्यांच्याबरोबर पॉली उम्रीगर, पुण्याचे चंदू बोर्डे आणि नाशिकचे बापू नाडकर्णी होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले. पुढे वेल्लोरच्या रुग्णालयात डॉ. चंडी यांनी त्यांच्या कवटीत धातूची पट्टी बसविली, आणि ती पट्टी तब्बल साठ वर्षांनी, २०२२ मध्ये, मुंबईत काढण्यात आली. बंगालमधील क्रिकेट संघटना १९८१ पासून दरवर्षी ३ फेब्रुवारीला वॉरेल यांच्या नावाने रक्तदान शिबिर भरवीत आली आहे.

पिथमपूरच्या खोलीतील तीन सोबत्यांना असेच रक्त द्यावे लागेल. आपापला रक्तगट त्यांना ठाऊक असेल तर वेळ वाचेल. नसेल तरी रक्तपेढीत जाऊन बदली रक्त देता येते. त्यांच्यापैकी एकाने रुग्णापाशी थांबावे, दुसऱ्याने कारखान्यात जाऊन अपघाताची लेखी सूचना द्यावी आणि तिची पोच घ्यावी, आणि तिसऱ्याने गावी दूरध्वनी करताना रुग्णाचे कोणते कार्ड घेऊन यावयाचे हे आधी सांगावे. शिरपूरहून सकाळी निघालेली माणसे दुपारपर्यंत सरवटे बस स्थानकावर उतरतात. तेथून रुग्णालय फार दूर नाही.